आजीच्या नावाची जागा

आज दुपारी एका मैत्रिणीने एका संकेतस्थळाचा दुवा पाठवला. आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांच्या मौखिक कथांचा तो डिजिटल संग्रह आहे. सोलापूरच्या यादीतली तिसरी फीत लावली आणि माझ्या आजीचा आवाज आला. खाली नोंद होती: ‘वृद्ध स्त्री, सोलापूर. बोली: गुजराती.’

आम्ही फासेपारधी. आमची बोली गुजरातीला जवळची आहे, पण ती गुजराती नव्हे. आजीला विचारले असते, तर तिने एका वाक्यात सांगितले असते.

या संग्रहाची मंडळी आमच्याकडे आली तेव्हा मी नववीत होते. सेटलमेंटमधल्या, म्हणजे इंग्रजांनी आमच्यासारख्या जमातींना डांबण्यासाठी उभारलेल्या वसाहतीतल्या, आमच्या खोलीत त्यांनी दोन दिवस ध्वनिमुद्रण केले आणि आईने दोन्ही दिवस त्यांना भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. निघताना आजीने विचारले, “हे मला परत कधी ऐकवणार?” ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात.” त्यानंतर आजी चार वर्षे जगली आणि दारात कोणी चपला काढल्या की मान वर करून पाहत राहिली.

जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, इंग्रजांनी १८७१ मध्ये आणलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या कायद्याखाली याच सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड आमच्या माणसांची हजेरी घेतली गेली. हजेरीच्या वहीत आजीच्या वडिलांचे नाव कधी गाळले गेले नाही; गोष्टींच्या वहीत मात्र त्यांच्या लेकीचे नाव लिहावे, असे कोणालाही वाटले नाही.

हे अशक्य होते, असे मला कोणी सांगू नये. आपल्याच महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या आणि त्यांत ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक येथे वारुमुंगू या आदिवासी लोकांना सोबत घेऊन ‘मुकुर्टू’ नावाची डिजिटल संग्रहाची प्रणाली उभी राहिली. तिच्यात कोणती गोष्ट सर्वांसाठी, कोणती फक्त बायकांसाठी आणि कोणती एका घराण्यापुरती, हे समाजच ठरवतो. मुकुर्टू म्हणजे मोलाच्या वस्तू जपून ठेवायची पिशवी. आजीची चंची अशीच होती. ती कोणासमोर सोडायची, हे तीच ठरवत असे.

त्या दिवशी ते यंत्र घेऊन आले नसते, तर आज आजीचा आवाज माझ्याकडे नसता, एवढे मी मान्य करते.

पण दुसऱ्या दिवशीची गोष्ट आमच्या कुळाची आहे. ती सुरू करण्याआधी आजी आमच्या बोलीत म्हणते, “ही घराबाहेर नेऊ नका.” हे वाक्य त्या फितीत स्वच्छ ऐकू येते. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांत एकालाही आमची बोली येत नव्हती, म्हणून ती गोष्ट आज साऱ्या जगासाठी उघडी पडली आहे. आमच्यातले एखादे पोर त्यांनी शेजारी बसवले असते, तर त्याने ध्वनिमुद्रण तिथेच थांबवले असते.

संध्याकाळी मी त्यांना पत्र लिहिले. आजीचे नाव घाला, बोली दुरुस्त करा, कुळाची गोष्ट काढून आमच्याकडे द्या, आणि पुढचे काम करायचे असेल तर आधी वस्तीत येऊन बसा, एवढेच लिहिले.

त्यानंतर पहिल्या दिवसाची फीत चार वेळा ऐकली. मध्येच आजी मला नावाने हाक मारून पाहुण्यांना पाणी द्यायला सांगते. त्या फितीत माझे नाव आहे, तिचे नाही.

रात्री आत्याला फोनवर ती फीत ऐकवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कुळाची गोष्ट फोनवर नको, समोर बसून ऐकू.” रविवारी तिच्याकडे जाणार आहे.