पाणी चढतं, वायर चढत नाही

मागच्या रविवारी पानशेतच्या बाजूला गेलो होतो. (नेमकी जागा सांगत नाही, अशा जागा बऱ्याच आहेत.) धरण भरत आलेलं, बोटिंग जोरात. धक्क्यावर दिव्यांच्या माळा, आणि त्यांना लाईट देणारी वायर काठावरच्या खांबावरून थेट पाण्यावरून ओढलेली. मधे हा एवढा झोळ. बोटीत उभ्या असलेल्या पोराच्या हातापासून जेमतेम दोन फूट.

बोटवाल्या दादांना दाखवलं. "काका, उन्हाळ्यात बसवली तेव्हा पार उंच होती की!"

खरंच असणार. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, ऑगस्टमध्ये कित्येक मीटर वर येतं. तीस वर्षं वायरिंगची कामं केली, पण ही चूक इंजिनिअर लोकांचीही होताना पाहिली आहे. उंची मोजायची ती धरण काठोकाठ भरल्यावरच्या पाण्यापासून, आणि त्यावर बोटीत उभा माणूस, त्याच्या हातातला ओला बांबू धरून.

25 जुलै 2024 च्या पहाटे पुण्यात डेक्कनला पुलाची वाडीत पाणी शिरलं, तेव्हा हातगाडी हलवताना तीन जण शॉकनं गेले. भर शहरात.

माळांचे जोड नुसती टेप मारलेले, ओले झाले की करंट पाण्यात उतरणार. गोड्या पाण्यात हे जास्त वाईट. खाऱ्या पाण्यातून करंट सहज जातो, गोड्यातून तितका सहज जात नाही. त्याला माणसाचं शरीर सोपं पडतं. हातपाय आखडतात, पोहता येणारासुद्धा बुडतो आणि लोक म्हणतात, "दम लागला असेल." वाचवायला उडी मारणाराही त्यातच सापडतो. आधी मेन बंद, मग दोरी नाहीतर टायर फेकायचा.

उपाय महागडे नाहीत. धक्क्यावर 12 व्होल्टचे दिवे, ट्रान्सफॉर्मर वर कोरड्यात, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडून लाईट तोडणारा स्विच. तो इथं होता म्हणे. "पावसात सारखा पडायचा, म्हणून काढला." अहो, पडत होता म्हणजे बिचारा काम करत होता!

निघताना विचारलं, मेन स्विच कुठाय?

"वर ऑफिसात. सहाला कुलूप लागतं."

दिवे टायमरवर आहेत, साडेसहाला लागतात. सेल्फीवाले आठपर्यंत धक्क्यावरच असतात.