डास अर्धा, सोयरीक अर्धी

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा तुमचा लेख वाचला. 'मलेरियानं सिकलसेलचा जीन टिकवला,' हे त्यातलं वाक्य बरोबर आहे, पण अर्धंच. आई-बापांपैकी एकाकडूनच हा जीन आलेल्याला (एएस) मलेरियाचा जोरदार तडाखा बसत नाही, म्हणून तो जगला, हे मान्य. पण हा जीन आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं काही समाजांत दाट आणि शेजारच्याच समाजात विरळ का, याचं उत्तर डासाकडं नाही. डास काही जात विचारून चावत नाही! ते उत्तर सोयरिकीत आहे. लग्न जातीतच, त्यातही मामाच्या पोरीवर पहिला हक्क. गोंडांत तर त्याला 'दूध लौटावा' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या जीन त्याच घरांत फिरत राहिला.

आणि 'आदिवासींचा आजार' हेही खोडा. आम्ही आदिवासी नाही. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अठ्ठावीस गुण जुळले, रक्त कोणीच तपासलं नाही. दोघंही एएस निघाले. अशा जोडप्याच्या दर मुलामागं चारात एक शक्यता एसएसची, म्हणजे दोघांकडूनही जीन येऊन आजार होण्याची. भाचा आता दहा वर्षांचा आहे, थंडी पडली की हाडं ठणकतात म्हणून रात्रभर रडते पोरगं.