बॉनेट उघडू नका

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला एकट्यानं जायची पद्धत नाही. घेणारा एक, त्याच्याबरोबर चौघं, आणि त्या चौघांतले दोघे कुणाचे कोण हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अंगणात पाय ठेवला की पाचही जण बॉनेटपाशी गोळा होतात. मालक बॉनेट उचलतो, सगळे आत वाकतात, एकजण अ‍ॅक्सिलरेटरची वायर ओढतो, इंजिन बोंबलतं आणि सगळ्यात मागं उभा असलेला म्हातारा निकाल देतो, "मशिन टाईट हाय." झाली परीक्षा.

मी बॉनेटकडं जातच नाही. उद्यमनगर, म्हणजे इथली लेथ-वर्कशॉपची वसाहत, हाकेच्या अंतरावर असताना आधी इंजिन बघणं म्हणजे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं राहून दूध मिळेल का विचारण्यासारखं आहे. शेतीपंपाची ऑईल इंजिनं आणि उसाचे चरक बनवत मोठ्या झालेल्या या गावात लोखंडाचं होत नाही असं काही नाही. बोअर होतं, स्लीव्ह बसते, क्रँक ग्राइंड होते, बुश लेथवर संध्याकाळपर्यंत निघतो. काच, रबर, प्लॅस्टिक आणि सरकारी कागद मात्र लेथवर निघत नाहीत. म्हणून माझा क्रम असा: आधी कागद, मग पाणी, मग पत्रा, मग काचा-दिवे, आणि उजेड शिल्लक असेल तर इंजिन.

"कागदं क्लिअर हायत" याचा अर्थ कागद धुतलेले आहेत एवढाच घ्यावा. अंबाबाईच्या फोटोमागं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता ठेवलेले. खासगी गाडीचं पासिंग, म्हणजे नोंदणी, १५ वर्षांचं. ते संपलं की दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. १ एप्रिल २०२२ ला मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० झाली, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर नियमानं महिन्याला ५०० रुपये जादा. आता २००४ ची मारुती ८०० धरा. पासिंग २०१९ ला संपलं आणि तेव्हापासून ती गोठ्यात उभी आहे. २०२५ पर्यंतच धरलं तरी सहा वर्षांचे ७२ महिने, म्हणजे नुसत्या उशिराचे ३६,०००. मालक गाडीचे ३०,००० सांगतोय. म्हणजे गाडीपेक्षा तिचा उशीर महाग.

हे सगळं जायच्या आधी, घरच्या चहाबरोबर मोबाईलवर नंबर टाकून बघता येतं: पासिंग कधी संपलं, कर, दंडाची चलनं, कर्जाचा बोजा. बोजा ही तर खास आपल्या भागातली करमणूक. कर्ज १९९८ सालीच फिटलेलं असतं, पण आरसी बुकावरचा बोजा उतरवायचं राहिलेलं. त्यासाठी फॉर्म ३५ वर कर्ज देणाऱ्याची सही लागते, आणि ज्या पतसंस्थेनं कर्ज दिलं ती अवसायनात निघालेली असते. अवसायक शोधून त्याची सही मिळेपर्यंत गाडी व्हिंटेज होते. त्याचेही नियम आलेत २०२१ ला: ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, नोंदणीचे २०,०००, नंबरात 'व्हीए'. पण ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. भाजी आणायला नेली की गुन्हा.

आणखी एक. गाडी दाखवणारा नातू असतो, बुक आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा फोटोत असतात. अशा वेळी विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० कामाचे नाहीत. आधी फॉर्म ३१ नं गाडी वारसाच्या नावावर यायला हवी. वारस म्हणजे तीन काका आणि इचलकरंजीची आत्या. आत्याला गाडी नकोच असते. पण सही मागितली की तिला १९८७ च्या वाटणीतलं कपाट आठवतं. व्यवहार कपाटावर अडतो.

चॅसी नंबर डोळ्यांनी वाचू नये. कागद ठेवून वर पेन्सिल घासायची, ठसा उठतो तसा. आकडे वाकडे, आसपासचा पत्रा घासलेला किंवा तेवढ्याच जागी नवा रंग दिसला की चपला घालायच्या. चहा आला असला तरी.

कागदानंतर पाणी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापूरकराला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा धोक्याच्या फार वर गेली, हायवे शिरोलीपाशी बंद पडला, शाहूपुरीत बोटी फिरल्या. त्यामुळं मालकाला पहिला प्रश्न पोलिसी आवाजात, "त्या आठवड्यात गाडी कुठं होती?" उत्तर ठरलेलं: आजऱ्याला, मावशीकडं. सगळ्या कोल्हापूरच्या गाड्या त्या आठवड्यात आजऱ्याला मावशीकडं होत्या. मावशीचं अंगण केवढं असेल!

मावशीला विचारण्यापेक्षा सीटबेल्टला विचारावं. तो शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत ओढायचा. वरचा हात-दोन हात पट्टा सगळे धुतात. रिळाशी गुंडाळलेली शेवटची वीत कुणी धूत नाही, आणि गाळाची रेघ तिथंच सापडते. मग सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट. वरून कधी न भिजणाऱ्या जागी खवलेदार गंज असेल तर पाणी खालून आलेलं. स्टेपनीचा खड्डा, हेडलाईटच्या आतली मातकट रेषा, फ्यूज बॉक्समधला हिरवा गंज. कार्ब्युरेटरवाली जुनी ८०० पुरातूनही वाचते. वायरी चार, नखरे दोन. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या एमपीएफआयला तसं नाही. कनेक्टरात शिरलेलं पाणी तांब्याच्या तारेतून कव्हरच्या आत वर चढतं, बाहेरून वायर नवी दिसते आणि आत तिची भुकटी झालेली असते. मग दोन पावसाळ्यांनंतर वायपर लावला की हॉर्न वाजतो. आणि पुरात कुणी उत्साही पोरानं स्टार्टर मारला असेल तर सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ते मात्र उद्यमनगर सरळ करेल.

पत्र्याला लोहचुंबक. फ्रिजवर लावायचं साधं, फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा नाही आणि मालकाच्या काळजालाही. जिथं चिकटत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. थोडी लांबी चालते. तीस वर्षांत गाडीला कुणी टेकलंच नाही असं होत नाही. पण दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला आणि उंबऱ्याला लांबी म्हणजे आत पत्रा नाही, आठवण आहे. ८०० ला पुढच्या पायपुसण्याखालचा फ्लोअर आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचं. टणटण चालेल, भदभद नको. दाराखालची पाणी जायची भोकं मातीनं बुजली की दार आतून कुजतं. गगनबावड्याकडच्या गाडीला ही ठोकाठोक दुप्पट करावी, तिथला पाऊस पत्र्याला माफ करत नाही.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. "टायर आत्ताच घातलेत" म्हणणाऱ्याला तो आकडा फक्त मोठ्यानं वाचून दाखवायचा. मीटरवर वाद घालू नये. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा बाळ होतं. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर ३८,००० असेल तर खरं रबर बोलतं.

आता काचा आणि दिवे, जिथं शौकीन माणूस खरा रडतो. प्रीमियर ११८ एनई घ्या. अंग फियाट १२४ च्या घराण्यातलं, इंजिन निस्सानचं ए-१२, ११७१ सीसी. त्या इंजिनाला काय झालं तरी मेस्त्री वाट काढतो. पण मागच्या दिव्याची लाल काच फुटली की घरातली दोन माणसं कामाला लागतात, एक फोनवर आणि एक नवसावर. काँटेसाची तीच गत. पद्मिनीचं, म्हणजे आपल्या जुन्या फियाटचं, बरं होतं. मुंबईच्या टॅक्सींना २० वर्षांची मर्यादा होती आणि त्या भंगारात निघायच्या तसा माल खाली उतरायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि तो झराही आटला. म्हणून गाडी बघताना सगळ्या काचांवरचे शिक्के वाचायचे, दिवे मोजायचे, काचेभोवतीचं बीडिंग नखानं दाबून बघायचं, हँडलं, विंडो मशिन, डिकीचं कुलूप. इंजिन बंद पडलेली पण सगळी बारकी वस्तू जागेवर असलेली गाडी मी डोळे झाकून घ्यायला सांगेन. चालू, पण निम्मे दागिने गायब असलेली गाडी मित्राला सुचवावी. फार जवळच्या नव्हे.

इंजिनाचं थोडक्यात. मालक यायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम असेल तर त्यानं सकाळीच चालू करून दुखणं लपवलंय. ऑईलच्या टोपीखाली कॉफीसारखा फेस म्हणजे बहुधा पाणी मिसळतंय. पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एकच भपका आला तर व्हॉल्व्हचे सील, पळताना सतत येत असेल तर रिंगा. कॉम्प्रेशन कमी लागलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. ८०० चा बोअर ६८.५ मिलिमीटर, ०.२५ आणि ०.५० च्या ओव्हरसाईज पिस्टनात काम भागतं, पुढं स्लीव्ह. एसीत "फक्त गॅस भरायचाय" म्हणाले तर मात्र दचकावं. बंद पाईपातला गॅस आपोआप संपत नाही, कुठंतरी गळती आहे, आणि ती डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलला असेल तर आख्खा डॅशबोर्ड खाली.

गाडी ठरली की भंगाराची पायरी. इथं ज्ञानापेक्षा चेहरा महत्त्वाचा. भंगारातला माल किलोवर असतो, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत चमक दिसली की तोच माल नगावर येतो. पद्मिनीचा कार्ब्युरेटर हवा असेल तर आधी ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांचा भाव विचारावा, नाक मुरडावं, मग जाता जाता पायानंच ढकलून, "ह्ये काय हाय वो?" शौकिनाला हे जमत नाही. तो लांबूनच ओरडतो, "अरे, ओरिजिनल!" त्या एका शब्दाचे पाचशे रुपये पडतात.

बरोबर आपला जुना पार्ट नमुना म्हणून न्यायचा, डावा-उजवा खडूनं लिहून. व्हर्नियर, फीलर गेज, चुंबक. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन ब्रिटिश कुळातलं, आटे इंची, फियाटचे मेट्रिक. बोल्ट दोन फेरे जातो म्हणून पुढं रेटू नये. कार्ब्युरेटरचा स्पिंडल हलवून बघा, खुळखुळला तर हवा ओढणार आणि गाडी आयडलला टिकणार नाही. सिलिंडर हेड घेताना सरळ पट्टी आडवी धरून खाली फीलर घाला. ०.०५ मिलिमीटरच्या वर फट असेल तर स्किमिंगचा, म्हणजे ते घासून सपाट करायचा, खर्च भावातून कापा. हेडला व्हॉल्व्हच्या मध्ये तडा असेल तर तो माल किलोवरच बरा. गिअरबॉक्सचं ऑईल बोटावर घ्या; चमचम फार दिसली तर तो सिंक्रोचा चुरा आहे. ब्रेकचे पार्ट, होज, बेअरिंग, टायमिंग बेल्ट जुने कधीच घ्यायचे नाहीत, फुकट मिळाले तरी. आणि नंबर कोरलेला इंजिन ब्लॉक बिलाशिवाय उचलायचा नाही. नाहीतर गाडीच्या आधी मालकाचं पासिंग होतं.

एवढी पायपीट झाल्यावर कुणीतरी शहाणा सुचवतोच, "भावा, एकेक पार्ट किती हुडकशील? आख्खी गाडीच घे पार्टला." हिशोबाला पटतं. दरवर्षी शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघून "आपली फियाटबी अशीच करायची" म्हणणाऱ्याला तर लगेच पटतं. दुसरी गाडी येते, ताडपत्रीखाली जाते, आणि आठवड्याभरात लक्षात येतं की पार्टसाठी आणलेल्या गाडीचे कागद चोख आहेत आणि पत्राही बरा आहे. नंबर अंगावर कोरलेला असल्यानं कागद इकडचे तिकडं करता येत नाहीत. मग पहिलीच्या काचा, दिवे, सीट दुसरीला चढायला लागतात आणि पहिली पार्टची होते. फक्त मागचा बंपर दोन्हींचा चेमटलेला असतो. उचगावला एक उभी आहे म्हणतात, चिंचेखाली. बघायला पाचजण निघालेत.