समाराची भेट: 'धडपड फुकट' असं ही गोष्ट सांगत नाही

बगदादच्या नोकराची गोष्ट फिरत फिरत तुमच्यापर्यंतही आली असेल. बाजारात त्याला बाईच्या रूपातला मृत्यू भेटतो. त्याने आपल्याला धमकावलं असं वाटून तो धन्याचा घोडा मागून घेतो आणि समारा शहराला पळतो. धनी मृत्यूला जाब विचारतो, तेव्हा उत्तर मिळतं की ती धमकी नव्हतीच, ते दचकणं होतं. त्याची भेट तर आज रात्री समाराला ठरलेली! गोष्टीखाली हमखास तीन विधानं असतात: ही इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमची मूळ कथा, सगळ्या मृत्युकथा हेच सांगतात, आणि म्हणून धडपड फुकट. तिन्ही चुकीची आहेत, आणि तिसरं तर मला घातकही वाटतं.

'मूळ कथा मॉमची.' मॉमने ती 1933च्या 'शेपी' नाटकात मृत्यूच्याच तोंडी घातली. पुढच्याच वर्षी जॉन ओहारा या अमेरिकी लेखकाने ती आपल्या कादंबरीच्या सुरुवातीला छापली, कादंबरीच्या नावातही समारा आणलं. पण 1923मध्येच झां कॉक्तोच्या फ्रेंच कादंबरीत इराणच्या राजपुत्राचा तरुण माळी असाच इस्फहानला पळालेला आहे.

त्याच्याही कितीतरी शतकं आधी ही गोष्ट बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहे. राजा शलमोनाला मृत्यूचा दूत खिन्न दिसतो. का, तर राजाच्या दोन लेखनिकांचे प्राण त्याच्याकडे मागितले आहेत. शलमोन त्यांना तातडीने लूझ नगरीकडे धाडतो, कारण तिथे मृत्यूचं काही चालत नाही. नगरीच्या हद्दीपाशी पोहोचताच दोघं मरतात. दुसऱ्या दिवशी दूत हसतमुख: 'जिथे ते मला हवे होते, तिथेच तू पाठवलंस.' मॉमच्या गोष्टीत माणूस स्वतः पळतो. इथे त्याला वाचवायला धावतो तो जगातला सर्वांत शहाणा राजा, आणि त्याच्याच मायेने घात होतो. माझ्या मते हे रूप जास्त जिव्हारी लागणारं आहे.

'सगळ्या मृत्युकथा हेच सांगतात.' महाभारताच्या वनपर्वातली सावित्री यमाच्या मागे चालत जाते, बोलत राहते आणि सत्यवानाला चारशे वर्षांचं आयुष्य घेऊन परतते. तक्षक नागाच्या दंशाने मरशील असा शाप मिळालेल्या परीक्षित राजाला मात्र एकखांबी महालही वाचवत नाही. तक्षक फळातला किडा होऊन आत येतो. पण त्याआधीचा प्रसंग सहसा कुणी सांगत नाही. तक्षकाने जाळलेला वड जिवंत करणारा काश्यप राजाला वाचवायला निघालेला असतो. राजाचं आयुष्य सरलंय हे त्याला ध्यानात दिसतं खरं, पण तो माघारी फिरतो तो तक्षकाने दिलेलं धन घेऊन. या मरणात शापाइतकाच लोभाचाही हात आहे.

'धडपड फुकट.' इथे फारसी कवी जलालुद्दीन रूमीच्या 'मसनवी' या काव्याचा दाखला देतात. अज्राईलची, म्हणजे मृत्यूच्या दूताची, नजर पडली म्हणून घाबरलेला माणूस सुलेमानाला (म्हणजे शलमोनालाच) विनवून वाऱ्यावरून हिंदुस्तानात जातो, आणि त्याचा प्राण त्या दिवशी हिंदुस्तानातच घ्यायचा असतो. गोष्ट तेराव्या शतकातली, दाखला खरा. पण ही गोष्ट तिथे कोण सांगतं? रानातले प्राणी, आणि तेही सिंहाला. तू शिकार सोड, बसल्या जागी रोज एक प्राणी मिळेल यावर विसंब, हे त्यांना त्याच्या गळी उतरवायचं आहे! गोष्ट संपताच सिंह पुन्हा प्रयत्नाची बाजू मांडतो. देवावर भरवसा ठेव, पण उंटाचा गुडघा आधी बांध, हे त्याने त्याच वादात आधी सांगितलेलं असतं.

आणि ही चौकट आपल्या ओळखीची आहे. पंचतंत्रातली सिंह आणि ससा ही गोष्ट पहलवीतून आठव्या शतकात अरबीत गेली आणि पुढे रूमीच्या हाती आली. इथेही ससा सिंहाला विहिरीतलं प्रतिबिंब दाखवून बुडवतो. प्रयत्न कशाला, असं सिंहाला पटवणाऱ्या त्या प्राण्यांचा जीव शेवटी एका सशाच्या धडपडीने वाचतो.