पुश केल्याने सावल्या परत येत नाहीत

फिल्म पुश करण्यावरच्या, म्हणजे ती जास्त वेगाची धरून फोटो काढण्यावरच्या आणि मग जास्त वेळ डेव्हलप करण्यावरच्या, लेखातलं ‘पुश केलं की ४०० ची फिल्म १६०० ची होते’ हे वाक्य खटकलं. फिल्मचा वेग, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा हा आकडा, आहे तेवढाच राहतो. आपण दोन स्टॉप कमी (दर स्टॉपला निम्मा) उजेड देतो आणि चित्र उमटवणाऱ्या रसायनात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, जास्त वेळ ठेवून मधले आणि उजळ भाग वर ओढतो, एवढंच. सावलीत जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे डेव्हलपर तरी काय उकळून काढणार?

मी जत्रेतल्या तमाशाचा एक अख्खा रोल एचपी५ या ४०० च्या कृष्णधवल फिल्मवर १६०० धरून काढला होता. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना एरवी साडेसात मिनिटं लागतात, तिथे १४ दिली. ढोलकीवाल्याचा घामेजलेला चेहरा झकास आला, पण त्याचं काळं जाकीट निगेटिव्हवर चक्क कोरी काच! फोटोतला दाणा (खरखरीतपणा) वाढला त्याचं काही वाटलं नाही, तमाशाला तो शोभतोच. आणि हो, याच्या उलट प्रकाराबद्दल, म्हणजे पुलबद्दल, दोन ओळी तरी हव्या होत्या. भर उन्हातल्या पांढऱ्या धोतरांना एक स्टॉप जादा उजेड आणि कमी डेव्हलपिंग फार मानवतं. फक्त आख्खा रोल तसाच काढावा लागतो.