आमची कासवं भेली आणि रवा रंकाळा तलावात का जाणार नाहीत

नमस्कार काकू,

माळा आवरल्याच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "वाकळ, टोपल्या, भिंतीवरचं तोरण आणि त्यांच्या मधोमध दोन कासवं. जिवंत प्राणी शोभेला ठेवणं मला पटत नाही. शिवाय कासव पाळणं गुन्हा आहे ना? एवढं घर आवरताय तर त्या मुक्या जिवांना रंकाळ्यात सोडून द्या. तेही सुटतील आणि तुम्हीही." दोन दिवस हे डोक्यात घोळतंय. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. त्या फोटोत दोघं वाकळीवर मांडून ठेवल्यासारखी दिसतात, कारण मीच त्यांना तिथं ठेवलं होतं. सकाळचा उजेड होता, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ आणि त्यांच्या पाठीची हिरवी-काळी नक्षी छान दिसत होती. पण पाण्यातल्या कासवाला उचलून कोरड्या कापडावर ठेवलं की ते घाबरतं. रव्यानं मान पार आत ओढून घेतली होती, तरी मी फोटो काढला. चुकलंच माझं. तो फोटो मी आता काढून टाकलाय.

गुन्ह्याचं म्हणाल तर पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव किंवा आपल्या विहिरी-तळ्यांत दिसणारं मऊ पाठीचं कासव घरात ठेवणं हा गुन्हाच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही दोन्ही आज पहिल्या अनुसूचीत आहेत. कासवानं घरात लक्ष्मी येते म्हणून लोक अजूनही लपवून ठेवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. अंबाबाईला हात जोडायचे आणि तिच्याच नावानं रानातला जीव बादलीत कोंडायचा, हे कसं चालेल? भेली आणि रवा मात्र लाल कानाची, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर जातीची आहेत. ही मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली.

ती आम्ही विकत आणलेली नाहीत. 2021 च्या पुरानंतर शेजारचं कुटुंब पेठ सोडून दुसरीकडं राहायला गेलं. त्यांच्या मुलानं ही दोन पिल्लं हौसेनं आणली होती, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढी होती म्हणे. जायच्या दिवशी तो बादली घेऊन रंकाळ्याकडंच निघाला होता. सासूबाई दारात होत्या. "पोरा, ती हितं ठेव," एवढंच म्हणाल्या. गुळाच्या ढेपेसारखी गोल म्हणून भेली आणि रवा ही गुळाच्या ढेपांचीच नावंही त्यांनीच ठेवली.

तळ्यात सोडलं की कासव सुटतं, असं तेव्हा मलाही वाटायचं. पण काकू, ही जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. मासोळ्या, बेडकांची पिल्लं, गोगलगाई, पाणवनस्पती, मिळेल ते खाते. ऊन खायच्या जागेवरून तिथल्या कासवांना हुसकावते, त्यांना रोगही देऊ शकते. युरोपीय संघानं 1997 सालीच हिची आयात बंद केली. वीस-तीस वर्षं जगणारा प्राणी आहे हा. आज मी दोन सोडली, उद्या आणखी कुणी चार सोडली, तर आपल्याच कासवांचं काय होईल? आधीच केंदाळ आणि सांडपाणी रंकाळ्याच्या नशिबी आलंय, त्यात ही भर मी घालणार नाही.

आता शोभेचं. आमच्या घरात शोभा आधी आणि कासवं नंतर, असं तुम्हाला वाटलं. झालंय उलटं. रवा आला तेव्हा त्याची पाठ कडेला अंगठ्यानं दाबली की दबायची. कासवाची पाठ म्हणजे त्याचा कणा आणि बरगड्याच, ती मऊ म्हणजे हाडंच मऊ. डॉक्टर म्हणाले, याला ऊन मिळालेलं नाही. आम्ही टब खिडकीशी ठेवला होता, रोज ऊन पडायचं त्यावर. पण काचेतून येणाऱ्या उन्हात त्यांना लागणारे अतिनील किरण जवळजवळ उरतच नाहीत, हे मला कुठं माहीत होतं? तेव्हापासून सकाळी दोघं गच्चीवर जातात, कायम निम्म्या सावलीत. पावसाळ्यात कोल्हापुरात आठवडाभर सूर्य दिसत नाही, तेव्हा खास यूव्हीबीचा दिवा लावतो.

आणि आवरण्याचं कारण तर एक दोरा आहे. माझं शिलाई मशीन तेव्हा त्याच खिडकीशी होतं, खाली टब. इचलकरंजीहून आणलेल्या चिंध्यांची पिशवी शिवत होते, कापलेली टोकं पडत होती, लक्ष नव्हतं. ही कासवं पाण्यातच घास गिळतात, आणि लाल काही तरंगलं की खाऊ समजून झडप घालतात. खाली बघते तर भेलीच्या तोंडातून बोटभर लाल दोरा लोंबत होता. मी ओढायला हात घातला आणि थांबले, डॉक्टरांना फोन केला. ते ओरडलेच, "ओढू नका! आतडं आतून कापलं जाईल." चार दिवस तिला नुसत्या पाण्याच्या टबात ठेवून, डॉक्टरांना दाखवून, आम्ही विष्ठा तपासत बसलो. पाचव्या दिवशी दोरा पडला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मशीन त्याच संध्याकाळी मधल्या खोलीत गेलं. टोकांसाठी झाकणाचा डबा आला. मणी, टिकल्या, सुया उघड्यावर राहत नाहीत. शिवून उठायच्या आधी मी ओल्या फडक्यानं जमीन पुसते. तुम्हाला जे नीटनेटकं घर दिसलं ते हे. टबाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, हा नियम लेकीलाही आहे, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. टबातलं पाणी जास्वंदीला जातं, कोथिंबिरीला कधीच नाही.

पिल्लं विकत आणू नका, हे मात्र तुमच्याबरोबर मीही सांगेन. दुकानातलं ते नाणं पुढं जेवणाच्या ताटलीएवढं होतं; भेली झालीच आहे. तुमच्या ओळखीत कुणी सोडायला निघालं असेल तर थांबवा, आधी वनविभागाला 1926 या फोन क्रमांकावर विचारायला सांगा.

फोटोच्या जागी दुसरा टाकलाय. त्यात शेवाळलेला टब आहे, सायफनची नळी, दोन बादल्या, आणि विटेच्या कट्ट्यावर मागचे पाय ताणून ऊन खात पडलेली भेली.