त्रास तिने सोसायचा, आणि पुरावाही तिनेच द्यायचा?

खोकताना-शिंकताना लघवी निसटते किंवा अंग बाहेर येतं म्हणून जगभरात लाखो बायकांच्या ओटीपोटात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी, म्हणजे मेश, बसवली गेली. अनेकींना तिचा उपयोग झाला, हे खरंच. पण जिच्या योनीच्या भिंतीतून ती जाळी बाहेर आली, जिला नीट बसताही येईना, तिला वर्षानुवर्षं ‘वयाचं दुखणं आहे’, ‘मनाचे खेळ आहेत’ असंच ऐकवलं गेलं. माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे. कारण हे ऐकून घेण्यात भरपाईचा दावा करायची मुदत निघून जाते.

ब्रिटनमध्ये सदोष वस्तूबद्दलचा दावा साधारणपणे इजा आणि तिचं कारण कळल्यापासून 3 वर्षांत करावा लागतो. शिवाय ती वस्तू विक्रीसाठी बाहेर पडल्याला 10 वर्षं झाली की उत्पादकावरचा हा हक्कच संपतो. जाळीचा त्रास उशिराही सुरू होतो. अशा बाईने करायचं काय? हा नियम मला सरळसरळ अन्याय वाटतो.

दावा कोणावर करायचा, हे आधी ठरवावं लागतं. जाळीच सदोष होती किंवा धोके लपवले, तर कंपनीवर. डॉक्टरांनी धोके आणि दुसरे उपाय न सांगताच सही घेतली किंवा हलगर्जी केली, तर डॉक्टर-हॉस्पिटलवर. काहींच्या बाबतीत दोन्ही. अमेरिकेत अशा 1 लाखांहून जास्त केसेस वेस्ट व्हर्जिनियातल्या एकाच फेडरल कोर्टात एकत्र आल्या आणि बहुतेक तडजोडीने मिटल्या. योनीमार्गे अंग वर उचलून धरायला वापरायच्या जाळ्यांची विक्री तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2019 मध्ये थांबवली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कोर्टाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपन्यांना दोषी धरलं, धोक्यांची पुरेशी सूचना दिली नाही म्हणून. पुढे 2022 मध्ये 30 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. रक्कम मोठी दिसते, पण ती हजारो जणींत वाटायची होती.

मला स्वतःला स्कॉटलंडचा मार्ग जास्त माणुसकीचा वाटतो. खासगीत जाळी काढून घेतलेल्या बायकांचा खर्च परत करण्यासाठी तिथे 2022 मध्ये कायदाच केला. कोर्टात कोणाचा दोष सिद्ध करायची अट नव्हती.

तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला हा त्रास असेल, तर वकिलाकडे जायच्या आधीच हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट्स मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. जाळीचं नाव आणि लॉट नंबर असलेला स्टिकर बहुतेक वेळा त्या कागदांतच असतो. तो नसेल तर कंपनी कोणती, इथेच गाडी अडते. जाळी काढायचं ऑपरेशन ठरलं असेल, तर काढलेला तुकडा फेकू नका, जपून ठेवा, असं आधीच लेखी द्या. आणि तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाला थेट विचारा: पुढे आणखी ऑपरेशन लागलं तर त्याचे पैसे कोण देणार? एकदा सही झाली की बहुतेक वेळा पुन्हा मागता येत नाही.